पुलाची फळी

"माणूस पडला की जाहिरात दिसते. पडलाच नाही, तर तुमचे पगार काय आभाळातून पडणार?" मालक खेकसले. पगार कोणाला नको असतो? तिने आपल्या मोबाइल गेममधल्या पुलाची एक फळी निमूटपणे काढून टाकली. आता कितीही नेमकी उडी मारा, माणूस खड्ड्यातच.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. लेकीने बनवलेला गेम म्हणून रोज कौतुकाने खेळायचे. ती सुट्टीला घरी आली, तर त्यांच्या टेबलावर ना चिमटे, ना भिंग.

"विकून टाकलं सगळं," ते म्हणाले. "तुझा तो पूल काही केल्या पार होईना. हातात पूर्वीचा राम राहिला नाही गं. उगाच लोकांची घड्याळं कशाला बिघडवू?"

खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी तेलाची बाटली पुढे केली. "थरथरत्या हातांसाठी आहे. पडलो की हिचीच जाहिरात येते. तुझ्या गेममध्ये दाखवतात, म्हणजे खोटी नसणार."

त्यांनी हात पुढे केला. तो तसूभरही हलत नव्हता.

तिने निमूटपणे तेल चोळायला घेतलं.