मॉरिसचा पहिला पेपर

फॉर्मवर एक रकाना होता : ‘केंद्रसंचालकाकडे स्वतःचे वाहन आहे काय?’ कुंदाबाई कर्णिकांनी त्यात ‘आहे’ असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. वाहन चढ चढतं का, हे फॉर्मने विचारलं नव्हतं. सरकारी फॉर्मने न विचारलेली माहिती आपण होऊन देऊ नये, एवढं कुंदाबाई बावीस वर्षांच्या मास्तरकीत शिकल्या होत्या.

साल पंच्याऐंशी, महिना मार्च. दहावीच्या परीक्षेचं केंद्र म्हणजे कुंदाबाईंची घाटकोपरची शाळा, आणि शाळा टेकडीवर. शेवटचा दोनशे पावलांचा चढ इतका उभा, की टॅक्सीवाले पायथ्याशी थांबून आधी वर बघत, मग गिऱ्हाइकाकडे बघत, आणि मुकाट्याने दार उघडून देत. जूनमध्ये मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. केंद्र नीट पार पडलं तर त्यांची खुर्ची कुंदाबाईंना मिळणार. प्रश्नपत्रिका उशिरा पोचल्या तर चौकशी, निलंबन आणि वर्तमानपत्रात फोटो. फोटोची कुंदाबाईंना जास्त भीती होती.

वाहन म्हणजे एकोणीसशे त्रेपन्नची मॉरिस मायनर. कुंदाबाईंचे यजमान मार्तंडराव यांना ती काकांकडून मिळाली होती आणि काकांच्या इतर वस्तूंप्रमाणे तीही खोकत होती. रोज सकाळी मुलुंडहून निघून ती घाटकोपरच्या चढापर्यंत इमानाने येई. चढाच्या मध्यावर आली की कुंदाबाई उतरत, गाडी पुढे जाई, आणि वर जाऊन कुंदाबाईंची वाट बघे. गाडी बाईंना शाळेत सोडते की बाई गाडीला, यावर नववी ‘ब’मध्ये दोन मतं होती.

परीक्षेच्या दिवशी मात्र उतरायची सोय नव्हती. सूचनापत्रकातलं चौदावं कलम कुंदाबाईंना पाठ झालं होतं : ‘सीलबंद पेटी नोंदविलेल्या वाहनातूनच न्यावी. मार्गात पेटी खाली उतरविल्यास जागेवर पंचनामा करून मंडळास कळवावे. केंद्रसंचालकाने पेटीपासून दूर होऊ नये.’

“म्हणजे पेटी, मी, तुम्ही आणि एक पोलीस,” कुंदाबाई म्हणाल्या. “चौघं. अहो, ही मला एकटीला नेत नाही!”

मार्तंडराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांनी चष्मा पुसला. “ताकद वाढवणं एक, आणि भार कमी करणं दोन. दुसरं माझ्याकडे लागलं.”

पहिलं लागलं गुणाजी परबाकडे. गुणाजी मूळ मालवणचा, पूर्वी गिरणीत. संपानंतर त्याने मुलुंडला चेकनाक्याजवळ पिंपळाखाली गॅरेज टाकलं होतं. इंजिन उघडून तो बराच वेळ आत बघत राहिला.

“इंजिन बरां आसा, साहेब. पण म्हातारां झालां. दम नाय.”

दम आणण्यासाठी गुणाजीने तीन आठवडे घेतले. इंजिनाचं डोकं घासून आणलं, म्हणजे आतली कोंडी घट्ट होते आणि स्फोट जोरात बसतो. व्हॉल्व्ह बसवले. ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. शेवटी कार्ब्युरेटरवरचं हवा गाळणारं जाडजूड डबडं काढून त्याने बाजूला ठेवलं, आणि मार्तंडरावांनी ते ताबडतोब काट्याला लावलं.

“आता ही उघड्या तोंडान वारो घेताली,” गुणाजी म्हणाला. “ह्यां बघा, आजी, ह्यां तिचां तोंड.”

मार्तंडरावांच्या मातोश्री रुक्मिणीबाई गाडीला पाणी घालायला आल्या होत्या. त्यांनी वाकून त्या गोल भोकात पाहिलं. “असं होय,” म्हणाल्या.

मार्तंडरावांनी आपलं खातं कसोशीने सांभाळलं. स्टेपनी गेली, जॅक गेला, दोन्ही बंपर गेले. मागची सीट गेली आणि तिथे फळी आली. ॲशट्रे गेला. डॅशबोर्डवरचा गणपती ऐंशी ग्रॅम भरला. त्याला आईंनी हात लावू दिला नाही. पेटी अडतीस किलोची, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं होतं. पोलीस त्यांनी सरासरीने पासष्ट किलोचा धरला आणि रविवारी दोन्ही मिळून होईल तेवढं तांदळाचं पोतं मागच्या फळीवर बसवून रंगीत तालीम केली. पोत्यासह मॉरिस चढली. वर पोचली तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती आणि मार्तंडरावांच्या डोळ्यांतून पाणी.

“जमलं,” ते म्हणाले.

“पोतं हललं नाही म्हणून जमलं,” कुंदाबाई म्हणाल्या.

पेपरच्या दिवशी सकाळी आठला गुणाजी आला, प्लग पुसले, आणि बॉनेट उघडं ठेवूनच चहाला आत गेला. आईंनी सगळ्यांच्या हातावर दही-साखर घातली. कुंदाबाईंनी घेतली, मार्तंडरावांनी घेतली, गुणाजीने दोनदा घेतली. मग तो बॉनेट लावून बसने पुढे निघाला. चढावर गाडीबरोबर चालायचं आणि थांबली तर चाकामागे दगड घालायचा, अशी त्याची नेमणूक होती.

नऊ वाजता ठरलेल्या ठिकाणी पेटी ताब्यात मिळाली. पेटी अडतीसचीच होती. पेटीमागून हवालदार दत्ताराम खोत बाहेर आले.

मार्तंडरावांनी आयुष्यभर काट्याशिवाय वजनं सांगितली होती. त्यांनी एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

“किती?” कुंदाबाईंनी हळूच विचारलं.

“एकशे आठ. बूट धरून एकशे दहा.”

हवालदार मागच्या फळीवर पेटीशेजारी बसले, पेटीच्या पलीकडे कुंदाबाई. गाडीचं नाक थोडं वर झालं. “मस्त आहे गाडी,” ते म्हणाले. “हलकी वाटते.”

आग्रा रोडला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. भांडुपला पहिला झटका बसला. एखाद्याला ठसका लागावा तसा. कांजूरमार्गला तीन झटके बसले आणि एका ट्रकवाल्याने मागून हॉर्न धरून ठेवला.

“हे काय?” कुंदाबाई.

“हवा जास्त जातेय,” मार्तंडराव म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

“साडेदहाच्या आत पेटी आवारात पायजे, बाई,” मागून हवालदार म्हणाले. “नायतर मला वेळ लिहावी लागेल. आपण वेळ खोटी लिहीत नाय.”

विक्रोळीला गाडी सिग्नलला बंद पडली. दुसऱ्यांदा चावी फिरवल्यावर सुरू झाली. कुंदाबाईंनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. नऊ पंचेचाळीस. पायथ्याशी पोचले तेव्हा दहाला दोन कमी होते, आणि गुणाजी हातात दगड घेऊन उभा होता. हवालदारांना बघून त्याने त्या दगडाकडे पाहिलं, तो खाली टाकला आणि मोठा घेतला.

पहिला गिअर. मॉरिस निघाली. वीस पावलं, चाळीस पावलं. डाव्या हाताच्या चाळीतल्या बायका नळ सोडून बघायला आल्या. साठ. इंजिन गुरगुरलं, एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं, आणि ऐंशीव्या पावलावर गप्प झालं. गाडी वीतभर मागे सरकली.

“दगड!”

“घातलंय!”

चढावर अचानक फार शांतता झाली. वरून शाळेची पहिली घंटा ऐकू आली. मुलं हॉलमध्ये जायला लागली होती.

“पेटी उचलून नेऊ या,” मार्तंडराव म्हणाले. “दोन माणसं पुरे.”

“खुशाल न्या,” हवालदार खिशातून वही काढत म्हणाले. “पंचनाम्याला पंच लागतील. त्या नळावरच्या दोघींना बोलवा.”

“अहो, एकशेवीस पावलं राहिलीत!”

“साहेब, कलम पावलं विचारत नाय.”

कुंदाबाई पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. “गुणाजी,” त्या म्हणाल्या, “तुला दहा मिनिटं देते. वर्गात पेपर सोडवायला देते तशी.”

गुणाजीने बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरचं झाकण सोडवलं, आतली दांडी ओढून काढली आणि उन्हात धरली. दांडीला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. त्याने दांडीची नळी तोंडाला लावून जोराने ओढली, थुंकला, मग विचारात पडल्यासारखा ओठांवरून जीभ फिरवली.

“साहेब,” तो म्हणाला, “गोड लागता.”

“पेट्रोल?”

“नाय. पेट्रोलची चव माका ठाऊक आसा. ह्यां दही.” त्याने पुन्हा चाखलं. “साखर पण आसा.”

मार्तंडराव आणि कुंदाबाई यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच वाटी आली. आज परीक्षा गाडीची, मग गाडीला वगळून कसं चालेल? आणि तोंड कुठे आहे, ते तर दाखवलेलंच होतं.

“तूच दाखवलंस!” मार्तंडराव ओरडले.

“तोंड दाखवलंय, भरवूक नाय सांगितलंय!”

“भांडण पेपर झाल्यावर,” कुंदाबाई म्हणाल्या. “सहा मिनिटं राहिली.”

गुणाजीने धोतराच्या सोग्याला पेट्रोल लावून सगळं पुसलं. धोतर मार्तंडरावांच्या काकांचं होतं, गाडी पुसायला ठेवलेलं. एकशे वीस ग्रॅमचं म्हणून राहू दिलेलं. नळीत फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले. झाकण बसलं. चावी फिरली. इंजिन खोकलं, आणि लागलं. पण तीनच सिलिंडरवर. चौथं अजून दही पचवत होतं.

हवालदार स्वतः होऊन खाली उतरले. “वजनाला वजन नको,” ते म्हणाले. “मी पेटीवर नजर ठेवून बाजूने चालतो. कलमात बसायचं लिहिलेलं नाय.”

पहिला गिअर. गाडी हातभर चढली आणि थांबली. पुन्हा हातभर. दगड. क्लचचा जळका वास सुटला. दहा बारा झाले होते.

“संपलं,” मार्तंडराव म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “कुंदा, माझं चुकलं. मी ‘नाही’ लिहायला सांगायला हवं होतं.”

गुणाजी बाजूला उभा राहून गाडीकडे बघत होता. एकाएकी त्याने खिडकीत डोकं घातलं. “साहेब, हिचो सगळ्यात ताकदवान गिअर खयचो?”

“पहिला.”

“नाय. रिवस. सगळ्यात हळू तोच जाता, म्हणान सगळ्यात जास्त ओढता. गाडी खाली जाऊंदे, फिरवा, आणि पाठ करून चढवा.”

“उलटी? शाळेसमोर?”

“फॉर्ममध्ये तोंड कुठे हवं ते विचारलं नव्हतं,” मागून कुंदाबाई म्हणाल्या. “फिरवा, अहो!”

मॉरिस ब्रेकवर कण्हत पायथ्याशी आली, वळली, आणि चढाकडे पाठ करून उभी राहिली. दहा सोळा. मार्तंडरावांनी मान मागे वळवली. त्यांना दिसलं ते असं : आधी पेटी, पेटीवर हात ठेवलेली बायको, आणि बायकोच्या मागे उभा चढ. त्यांनी रिव्हर्स टाकला.

गाडी निघाली. फार हळू, एखादा म्हातारा देवळातून देवाकडे पाठ न करता बाहेर येतो तशी, फक्त चढावर. ऐंशीवं पाऊल गेलं. चाळीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. शंभर. एकशेवीस. आणि तिथे, जिथे रस्त्यावर खडी पसरली होती, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खडी उडाली. गाडी हलेना.

“आता काय?” मार्तंडरावांचा आवाज फाटला. “इंजिन चालू आहे! ओढतंय!”

“चाकां धरीत नाय!” गुणाजी खाली वाकून ओरडला. “मागची बाजू हलकी झाली हा! सगळा सामान तुम्हीच काढलास!”

तिघांनी एकाच वेळी हवालदारांकडे पाहिलं.

दत्ताराम खोतांनी टोपी नीट केली. त्यांना नोकरीत अनेकांनी अनेक ठिकाणांहून बाजूला व्हायला सांगितलं होतं. या नजरा वेगळ्या होत्या.

“हवालदारसाहेब,” कुंदाबाई म्हणाल्या, “कृपा करून बसा. अगदी मागे.”

ते बसले. फळी करकरली, मॉरिसचं बूड खाली टेकलं, आणि चाकांनी रस्ता धरला. खडी चिरडल्याचा आवाज आला. एकशेचाळीस. वरून दुसरी घंटा झाली. एकशेसाठ. गुणाजी दगड घेऊन मागून चालता चालता गाऱ्हाणं घालत होता, “बा देवा महाराजा, आता वर ने, मगे काय व्हयां तां कर.” एकशेनव्वद. कुंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. गाडी आडवी झाली, म्हणजे रस्ता सपाट झाला होता.

शाळेच्या फाटकातून आधी गाडीची मागची बाजू आत आली, मग हवालदार, मग पेटी आणि कुंदाबाई, आणि सगळ्यात शेवटी मार्तंडराव. मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी बावीस वर्षांत कुंदाबाईंना अशा उलट्या रीतीने येताना पाहिलं नव्हतं. पण त्यांनी सील तपासलं, घड्याळ पाहिलं, आणि “या,” एवढंच म्हणाल्या.

हवालदारांनी वही उघडली. लिहिता लिहिता थांबले.

“काय झालं?” कुंदाबाईंनी विचारलं.

“काय नाय. दहा सव्वीसला वाहन केंद्रावर पोचलं, लिहिलंय. दिशेला रकाना नाय.” त्यांनी वही मिटली. “उद्या पण मीच आहे ना ड्युटीला?”

“तुम्हीच हवेत,” मार्तंडराव घाईने म्हणाले. “कमी वजनाचा कोणी पाठवला तर मी परत पाठवीन.”

संध्याकाळी आईंनी दारातच विचारलं, “पोचली ना वेळेत?”

“पोचली,” कुंदाबाई म्हणाल्या.

“मला ठाऊकच होतं,” आई म्हणाल्या, आणि उद्याच्या पेपरसाठी विरजण लावायला आत गेल्या. मार्तंडराव खाली गेले, बॉनेटला दोरी बांधली, आणि त्या दोरीला तीन गाठी मारल्या.