समासातली तारीख

टाचणीचा गंज कागदावर उतरला होता, तपकिरी, अगदी तारखेला चिकटून... आणि ती मघापासून त्या गंजाकडेच बघत बसली होती, कारण तारीख पुन्हा वाचायचं बळ तिच्यात नव्हतं.

पप्पांचे जुने उपदेश ती महिनाभर टाइप करत होती. चर्चच्या मंडळीला आपल्या या जुन्या पाळकसाहेबांचं पुस्तक काढायचं होतं, पप्पांची नजर गेलेली, आणि घरात रिकामी अशी तीच — नवऱ्याच्या तावडीतून सुटून, म्हणजे तो मेल्यावर सुटून, माहेरी आलेली. पप्पांची शिस्त मोठी. वर वचन, खाली मूळ ग्रीक शब्द, समासात तारीख आणि प्रसंग. या कागदावरचं वचन तिला तोंडपाठ होतं : प्रीती सर्व काही सहन करते. त्याखाली, मोत्यासारख्या अक्षरात — ‘स्टेगेइ. या शब्दाचं नातं घराच्या छपराशी. मुळात झाकणं, पाणी आत येऊ न देणं. सोसणं मागून आलं, आधी आसरा. बापाची प्रीती लेकीवर छप्पर असावी.’ समासात : चर्चची घंटा वाजवणाऱ्याच्या मुलीचं लग्न. नऊ जून, आणि पुढे साल.

नऊ जून! आणि अकरा जूनला, त्याच वर्षी, ती दारात उभी होती — हातात पेटी, डावा डोळा सुजून मिटलेला. पप्पांनी पाणी दिलं, बायबल उघडलं, याच वचनावर बोट ठेवलं. “बाळा, सहन करते असं लिहिलंय. ते बदलणारा मी कोण?” आणि अंधार पडायच्या आत स्वतः तिला सासरी परत पोचवून आले. मग सतरा वर्षं... दोन दात, एक बरगडी... दर वेळी तिनं तेच वचन घोकलं. भोळा माणूस, त्यांना तेवढंच ठाऊक, असं ती आईचीही समजूत घालत आली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तेही पाळकाच्या घरात! ठाऊक होतं. ती दारात यायच्या दोन दिवस आधीच त्यांना ठाऊक होतं. परक्याच्या लेकीला छप्पर दिलंत पप्पा, मग मला का नाही?

“झालं का गं पान?” आतून हाक आली. टाइप झालेलं पान ती रोज त्यांना वाचून दाखवी.

ती कागद घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेली आणि तिनं सगळं वाचलं, तारखेसकट, एकही शब्द न गाळता.

“सुरेख,” पप्पा म्हणाले. “मी लिहिलंय हे? कुणासाठी म्हणालीस गं?”

“घंटेवाल्याच्या मुलीसाठी.”

“नशिबाची पोर.” आणि ते समाधानानं उशीला टेकले.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नवऱ्याला तिनं केव्हाच माफ केलं होतं — ते सोपं होतं, तो मेला होता. हा माणूस समोर होता, त्याच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते नीट करायला तिचा हात पुढे होत नव्हता.