माझ्या पडद्यावरचे आगंतुक

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी फुकट काही देऊ लागलं की माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

मी नवा होतो तेव्हा माझा डेस्कटॉप झाडलेल्या अंगणासारखा होता. फोटो दुरुस्तीचा एक प्रोग्राम, छपाईचा एक आणि कामाच्या फोटोंचं फोल्डर, बस्स. स्टुडिओचे मालक, म्हणजे काका, मला रोज मऊ फडक्यानं पुसत. त्यांची मुलगी, आमची ताई, माझ्यावरच जुने फोटो दुरुस्त करायला शिकली. "हा आहे म्हणून माझं दुकान आहे," असं काका गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला धन्य वाटे.

मग आगंतुक येऊ लागले. काका फुकटचं काहीतरी उतरवून घेत आणि न वाचता 'पुढे, पुढे' दाबत सुटत. तळाशी बारीक अक्षरांत 'सोबत हेही घ्या' अशी एक चौकट असे आणि तिच्यात टिक आधीच केलेली. आपल्या वतीनं कोणी आधीच 'हो' म्हणून ठेवलं असेल, तर मला तिथेच काळंबेरं दिसतं. पण मला विचारतो कोण? हवामान सांगणारा आला, पत्त्यांचा खेळ आला आणि 'चेहरा उजळा' नावाचा एक गुलाबी, सदा हसरा आला. त्याच्यावर माझी पहिल्यापासून नजर होती.

गर्दीचा वैताग आला की काका एकेक आयकॉन कचरापेटीत ओढत आणि "झालं घर साफ!" म्हणून हात झटकत. अहो, कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन म्हणजे नुसता शॉर्टकट, दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून भाडेकरू जातो का? गुलाबी आतच राहिला. वर गुपचूप ठरवून बसला, की यापुढे कुठलाही फोटो उघडायचा तो आपणच. आयत्या बिळावर नागोबा!

एकदा एक आजी पाण्यानं खराब झालेला फोटो घेऊन आल्या. वारलेल्या बहिणीचा तेवढा एकच फोटो. ताईनं डोळ्यांत तेल घालून तो ठिपका ठिपका जुळवला. आजी न्यायला आल्या तेव्हा ताई नेमकी बाहेर होती. काकांनी फोल्डरमधल्या फोटोवर क्लिक केलं. तो उघडला गुलाबीनं. त्यानं न विचारता चेहरा गुळगुळीत केला आणि जुन्याच्या जागी तोच ठेवून दिला. काकांनी तो छापला.

"कशी छान दिसतेय बघा!"

आजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हिच्या हनुवटीवरचा व्रण कुठाय?"

"व्रण काय चांगला दिसतो का, आजी?"

"अहो, आम्ही जुळ्या. व्रण तिला होता, मला नाही. आई त्याच्यावरूनच आम्हाला ओळखायची." आजींनी फोटो काकांपुढे सरकवला. "हा तर माझाच फोटो दिलात तुम्ही. माझी बहीण कुठे गेली?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "या डबड्यानं घात केला!" ते माझ्यावर ओरडले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ताई आली. सगळं ऐकून तिनं डोळे बारीक केले. "बाबा, तो गुलाबी काढला होतात ना?"

"कधीच! माझ्या हातानं कचऱ्यात टाकला."

"शॉर्टकट टाकलात. प्रोग्राम आतच आहे."

तिनं सेटिंगमध्ये जाऊन त्याला मुळासकट उपटलं. मग खराब फोटोचं पहिलं स्कॅन उघडून ती पुन्हा कामाला बसली. आजींनी शेजारी खुर्ची ओढली. "जरा डावीकडे. हां, आणि वरच्या टोकाला वाकडा होता." हळूहळू व्रण उमटला. आजींनी माझ्या काचेवर बोट टेकवलं. "आलीस का गं," त्या म्हणाल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, 'पुढे' दाबण्याआधी तळाची ओळ वाचा आणि नको ती टिक काढा. नकोसा शॉर्टकट दिसला तर नुसती पाटी काढू नका, आत कोण राहतो ते बघा.

काल कोणीतरी काकांना डेस्कटॉप साफ करणारा प्रोग्राम सुचवला. अगदी फुकट! माझा पंखा घरघरू लागला. काकांनी चष्मा लावला, तळाची ओळ वाचली आणि सगळंच बंद करून टाकलं. मग त्यांनी मऊ फडकं घेतलं आणि मला पुसलं, फक्त आजींच्या बोटाचा ठसा तेवढा राहू दिला.