लळिंगच्या चढावरचं वजन

मी कुणाला दिसत नाही. इंजिन आणि गिअर यांच्या मधे, लोखंडी डब्यातल्या काळोखात बसणारी क्लचप्लेट मी. गोल चकती, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर. ड्रायव्हरनं पेडलवरचा पाय उचलला की मी इंजिनाला घट्ट बिलगते आणि त्याचं बळ चाकांपर्यंत पोचवते. डोळे मला नाहीत. पण गाडीत किती भार आहे, ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

लढाईच्या दिवसांत मी धुळ्याच्या जीवरामच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीत होते. त्याचा धाकटा भाऊ अभिमन क्लीनर होता. चढावर गाडी थांबली की तो उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा. एका दुपारी लळिंगच्या घाटातल्या एका वळणावर दगड लावताना त्याचा पाय निसटला आणि गाडी मागे घसरून त्याच्यावरून गेली.

पुढच्या वर्षी त्याच वळणावर गाडी अडू लागली. इंजिन मोठ्यानं ओरडायचं, गाडी मात्र जेमतेम सरकायची. जळका वास सुटायचा.

"अभिमन मांगथून धरस," उतारू कुजबुजायचे.

जीवराम खाली उतरून नारळ फोडायचा, हात जोडून उभा राहायचा. मग गाडी चढायची.

तो वास माझा होता. माझं अस्तर झिजलं होतं. तापले की घसरायचे, निवले की पुन्हा धरायचे. पण हे सांगणार कसं?

धुळ्याच्या बन्सीलाल मिस्त्रीनं ते ओळखलं. सपाटीवर हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून त्यानं पेडल हळूहळू सोडलं. इंजिन चालूच राहिलं.

"क्लच धरत असता तर इंजिन आता बंद पडलं असतं," तो म्हणाला. "मागून कुणी ओढत नाही, जीवरामभाऊ. प्लेट घसरतेय."

"मग तो तठे नही शे?" जीवरामनं घाटाच्या दिशेनं बघत विचारलं.

बन्सीलाल हात पुसत राहिला.

मला नवं अस्तर बसलं. गाडी न थांबता वळण चढू लागली. जीवराम नारळ आणीनासा झाला. त्याचा पेडलवरचा पाय मात्र जड झाला होता.

एकदा बाजाराहून परतताना त्याच वळणावर बैलगाडी आडवी आली. जीवरामनं पेडल आणि ब्रेक दोन्ही दाबले. ब्रेकचा गज तुटला आणि गाडी मागे, दरीकडे घरंगळू लागली. पेडल दाबलेलं, त्यामुळे मी इंजिनापासून सुटलेली. मला काही करता येईना. आत माणसं किंचाळत होती. मग एक धक्का बसला आणि गाडी उभी राहिली.

सगळे भराभर उतरले. भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेली भिकुबाई मागच्या चाकाशी वाकली. "ड्रायवरभाऊ, हाऊ दगड कोनी लावा?"

अभिमननंतर जीवरामनं क्लीनर ठेवलाच नव्हता. सगळे तर गाडीतच होते. गाडीवान पुढे बैलांना आवरत होता.

जीवराम त्या दगडाजवळ बसला. उठला, तेव्हा त्यानं आपल्या शेजारच्या जागेचं दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाला, "चाल भो, अभिमन. घर चाल. माय वाट दखी ऱ्हायनी."

तुटलेला गज कसाबसा बांधून झाला, उतारू पुन्हा बसले. पेडल सुटलं, मी इंजिनाला बिलगले आणि चपापले. माणसं तेवढीच होती. भार एका माणसानं वाढला होता.

तेव्हापासून जीवराम आपल्या शेजारी कुणाला बसू देत नाही.

ते वजन ओढता ओढता मी पार झिजले. आता बन्सीलालच्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे, आणि त्या मोटारीत दुसरी प्लेट बसली आहे. तुमच्यापैकी कुणी लळिंगकडे जाणार असेल, तर तिला माझा एवढा निरोप सांगा. वळणावर एका माणसाचा भार जास्त जाणवेल. बिचकू नकोस. घट्ट धर, आणि त्याला पुन्हा मागे घसरू देऊ नकोस.