पुण्याचे काका

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दूधगंगा विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाच्या खिडकीवरून निशा डवर हिचा अर्ज परत आला. मुदत शनिवारी संपली होती.

राधानगरी धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून असलेल्या वाडीतून ती आणि तिचे चुलते दादासो कोऱ्या कागदावर लिहिलेला अर्ज घेऊन पहाटेच्या एसटीने कोल्हापुरात आले होते. निशाला बीएस्सीला प्रवेश मिळाला होता, पण वाडीतून रोज जाऊन-येऊन शिकता येईल अशी एसटी नाही. विद्यापीठाची एक जुनी योजना आहे. रोज तीन तास ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत काम करायचे आणि वसतिगृहात फुकट राहायचे, जेवायचे. ती मिळाली तर बीएस्सी, नाहीतर घर.

"पावणं, महिनाभर उघडं होतं की," खिडकीतली लिपिक स्वप्नाली म्हणाली. "झोपलातासा व्हय?"

"झोपतोय कुठला? रोज बघत हुतो. तुमचं पानच गावंना." दादासोंनी फोन काचेला लावला. पडद्यावर विद्यापीठाचे बोधचिन्ह होते आणि खाली एक ओळ : हे पान सापडले नाही.

"मग फोन करायचा."

"केलता. हितं उचलतंय कोण?"

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. स्वप्नालीने संकेतस्थळ विभागाला फोन लावला आणि पाच मिनिटांत शबनूर शिकलगार खाली आली. विद्यापीठाचे संकेतस्थळ तीच सांभाळते. फोनवरचा पानाचा पत्ता तिने पाहिला आणि पुन्हा वाचायची गरज पडली नाही. ते पान मार्चमध्ये तिनेच काढले होते.

गेल्या वर्षी विद्यापीठाने संकेतस्थळाला मोजणीचे साधन जोडले. लोक कुठून येतात, काय शोधतात, कुठे कंटाळून निघून जातात, हे त्यात दिसते. तोवर संकेतस्थळ म्हणजे नोटीस बोर्ड होता. ज्याच्या हातात टाचणी, त्याने कागद लावायचा. शुल्काच्या पानावरून निम्मे लोक ते उघडण्याआधीच परत फिरतात, हे या साधनामुळे कळले. पान फोनसाठी जड होते. शबनूरने ते हलके केले आणि प्रवेशाच्या चौकशा वाढल्या. लोक सर्वांत जास्त निकाल शोधतात हे दिसल्यावर निकाल पहिल्या पानावर आले आणि परीक्षा विभागातले फोन कमी झाले. उपकुलसचिव संग्राम इंगवले हे प्रत्येक बैठकीत सांगत.

मार्चमध्ये साफसफाई निघाली. ज्या पानांवर कोणी येत नाही ती जुन्या संग्रहात टाकायची. कामाच्या बदल्यात वसतिगृहाच्या पानावर आधीच्या जूनमध्ये एकच माणूस आला होता. एकच फोन, रोज सकाळी, आणि प्रत्येक वेळी पान अर्धा-पाऊण तास उघडे. ठिकाण : पुणे.

"पुण्याचे काका असतील," बैठकीत शबनूर म्हणाली होती. "सकाळी चहाबरोबर वाचत असतील."

"मग काकांना आता दुसरं काय तरी वाचाय द्या," इंगवले म्हणाले होते. सगळे हसले होते. योजनेची माहिती 'सवलती' या पानाच्या तळाशी गेली. पान हलवले की जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारी सोय करून ठेवायची असते. जिथे कोणी येत नाही तिथे कशाला, म्हणून शबनूरने ती केली नव्हती.

आता खिडकीपाशी तिने विचारले, "काका, हे पान तुम्ही कुठं बघता?" काका हा शब्द तोंडातून गेल्यावर ती क्षणभर थांबली.

"डेअरीत. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी हाय. वाडीत रेंज तिथंच येती, ती बी कट्ट्यावर. सकाळी पोरी दूध घालाय आल्या की मी पान उघडून फोन कट्ट्यावर ठेवतो. रांगेत हुभ्या हुभ्या वाचत्यात, काय काय कागद लागत्यात ते लिवून घेत्यात. गेल्या साली तीन पोरी तशाच आल्या तुमच्याकडं."

"सिमकार्ड पुण्याचं आहे काय?"

"न्हाय ओ. पुण्याला मी उभ्या जन्मात दोनदा गेलतो. आन दोन्ही येळंला चुकलो."

मोबाइल कंपनीची इंटरनेटची वाहतूक पुण्याच्या केंद्रातून बाहेर पडते. त्यामुळे सह्याद्रीच्या कडेवरचा फोनही पुण्याचा दिसतो. हे शबनूरला माहीत होते. मार्चमध्येही माहीत होते.

"मॅडम, पान कुणी काढलं?" निशाने पहिल्यांदाच तोंड उघडले. "आम्हाला वाटलं, फॉर्म अजून सुटलाच नाही. हॉस्टेलच्या ताया सुट्टीला घरी आलेल्या, त्या पण म्हणाल्या, सुटला की दिसेल."

"सिस्टिममधून निघालं," शबनूर म्हणाली.

"मशीनच ते," दादासो म्हणाले. "तुमी तरी खाली आलासा. न्हाईतर कोण इचारतंय."

शबनूरने निशाचा नंबर घेतला आणि ती वर गेली. न सापडलेल्या पानांचा एक अहवाल त्याच साधनात असतो. तो तिने कधी उघडला नव्हता. उघडला तर एक ओळ सगळ्यांत वर होती. जुना पत्ता, एकच फोन, जूनभर रोज सकाळी दुधाच्या वेळेला. ती तशीच इंगवलेंच्या खोलीत गेली.

इंगवलेंनी तिचे ऐकून घेतले. "जागा एकच उरलीय," ते म्हणाले. "कोडोलीची आफशीन पठाण प्रतीक्षेत हाय. तिनं वेळेत अर्ज केलाय. तिचं काय चुकलं?"

शबनूरने आफशीनचे नाव वहीत लिहून घेतले.

"आणि दुपारच्या बैठकीत हे काढू नको. कुलगुरू संलग्न कॉलेजांना हे साधन द्यायचं म्हणत्यात. तूच आता म्हणालीस की ते चुकतंय, तर संपलंच."

"ते चुकलं नाही, सर. महिनाभर दाखवत होतं. मी बघितलं नाही."

"पानं काढायच्या त्या कागदावर माझी बी सही हाय, शबनूर."

"माहीत आहे. माझ्या सहीच्या खालीच आहे."

बैठकीत तिने आधी शुल्काचे पान दाखवले, मग निकालांचे. कॉलेजांनी हे साधन घ्यावे, असेही सांगितले. शेवटी तिने न सापडलेल्या पानांचा अहवाल पडद्यावर लावला आणि मार्चमधला विनोद, स्वतःच्या नावासह, सांगितला. या वेळी कोणी हसले नाही. इंगवले समोरची पाण्याची बाटली फिरवत राहिले.

"मग करायचं काय?" कुलगुरूंनी विचारले.

तिने तीन गोष्टी मागितल्या. हा अहवाल दर आठवड्याला बघायचा. कोणतेही पान काढण्याआधी ज्या विभागाचे ते आहे त्याला आणि ते वापरणाऱ्या मुलांना विचारायचे. आणि निशासाठी एक जादा जागा. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरी वसतिगृह समितीकडे गेली.

समिती बुधवारी बसणार होती. गणपूर्ती झाली नाही. पुढची तारीख निघालेली नाही. निशाला बीएस्सीचा प्रवेश शनिवारपर्यंत पक्का करायचा आहे. आफशीन पठाण गुरुवारी सकाळी वडिलांबरोबर येऊन उरलेल्या जागेची चौकशी करून गेली. ती जागाही समितीच्या निर्णयापर्यंत अडकल्याने तिलाही खिडकीवरून काही सांगता आले नाही.

पान जुन्या पत्त्यावर परत आले आहे. वरच्या बाजूला ओळ आहे : उशिरा आलेल्या अर्जांबाबत निर्णय प्रलंबित. पान कोणी काढले हे शबनूरने निशाला अजून कळवलेले नाही. नंबर तिच्या टेबलावर आहे.

गुरुवारी सकाळी ती लवकर येऊन बसली. थोड्या वेळाने मोजणीच्या पडद्यावर त्या पानापुढे एकचा आकडा आला. ठिकाण : पुणे. पान अर्ध्या तासाहून जास्त वेळ उघडे होते.