खाऊसाठी

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. ऊर्मी घर आवरायला कोक्विटलामहून सस्काटूनला आली, त्या दिवसापासून तिच्याशी मराठीत कुणी बोललं नव्हतं. बेसमेंटमधून लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या वर आणत असताना विद्यापीठातून मिसेस क्लासनचा फोन आला. खेळाडूंबाबतचे नियम पाळले जातात की नाही, हे बघणं त्यांचं काम.

"विचारायला अवघड वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या वडिलांच्या एका पाकिटाबद्दल आहे."

बाबा निवृत्तीनंतर शनिवारच्या बाजारात आंब्याचं लोणचं विकत. विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघातल्या झोईने त्यांची बाटली हातात धरून इन्स्टाग्रामवर फोटो टाकला आणि बाबांनी तिला पाकिटात घालून एकशे एक डॉलर दिले. जाहिरातीचे पैसे मिळाले की कळवायचे, असा नियम; तिने ते कळवले, पाकिटाचा फोटोही जोडला. अडचण एकच. बाबा विद्यापीठाच्या सामन्यांना स्कोअरबोर्ड चालवत आणि त्याचा पगार घेत. लोणचेवाल्याने जाहिरातीची फी दिली तर चालतं, विद्यापीठाच्या माणसाने खेळाडूला प्रेमाने काही दिलं तर नाही.

"फी असेल तर फाईल बंद. भेट असेल तर शनिवारचा प्लेऑफ झोई खेळणार नाही. तिचं शेवटचं वर्ष आहे," मिसेस क्लासन म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य सांगायची खरं तर गरज नव्हती. "शंभर मला समजतात. वरचा एक कसला?"

"टॅक्स असेल," ऊर्मी म्हणाली.

"इतका कमी टॅक्स सस्काचवानमध्ये मी तरी पाहिला नाही. पाकिटावर काय लिहिलंय तेवढं भाषांतर करून द्या. फॉर्म पाठवते."

फॉर्मसोबत पाकिटाचा फोटो आला. बाबांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर: 'चि. झोईस, खाऊसाठी. – आजोबा.'

ऊर्मी पायरीवरच बसली. दर वाढदिवसाला तिलाही असं पाकीट यायचं, चाळिशीनंतरसुद्धा. आजोबा म्हणून सही करायची संधी तिने त्यांना दिली नव्हती आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नव्हता.

दुपारी बाहेर फावड्याचा आवाज आला. उंच, लाल टोपीतली एक मुलगी घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होती. ऊर्मीने दार उघडलं.

"यू मस्ट बी ऊर्मी. युअर डॅड सेड यू'ड टेल मी टु स्टॉप."

"सांगतेच आहे," ऊर्मी इंग्रजीत म्हणाली.

"ही सेड दॅट टू." झोईचे हात थांबले नाहीत. तिची सर्व्ह चुकली की बाबा स्कोअर जरा उशिराच बदलत, असं तिने सांगितलं. विचारलं तर म्हणत, बटण जुनं झालंय.

"जुनं नव्हतं," ऊर्मी म्हणाली.

"आय नो." झोई हसली. मग फावड्यावर रेलून उभी राहिली. "पाकिटावर काय आहे? मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्या मुलीला विचार, ती खूप वाचते."

ऊर्मीने तिच्याकडे नीट पाहिलं. एकशे एक डॉलरसुद्धा कळवणारी मुलगी. आता खरं सांगितलं तर संध्याकाळच्या आत तेही कळवून मोकळी होईल आणि शनिवारी घरी बसेल.

"फोटोची फी, असं लिहिलंय."

"ओह." झोईने टोपी कानांवर ओढली. "आणि शेवटचा शब्द?"

"त्यांची सही."

"आय थॉट इट वॉज समथिंग नायसर," झोई म्हणाली आणि उरलेला बर्फ काढू लागली. ऊर्मी दारात उभी होती. तो शब्द अगदी ओठांवर आला होता. तिला तो झोईला सांगायचा नव्हता की कुणालाच द्यायचा नव्हता, हे तिचं तिलाही कळेना. झोईने जाताना हात हलवला, तिनेही हलवला.

मग ती आत येऊन फॉर्म भरायला बसली. भाषांतर: जाहिरातीच्या फोटोबद्दल. मृत व्यक्तीशी नातं: मुलगी. शेवटी विचारलं होतं, हा मजकूर वाचून खात्री करू शकेल अशी दुसरी व्यक्ती.

'कोणी नाही,' तिने लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.