लोकरीच्या चाकाची फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी हाय. माज्या बोलण्यातलं अक्षर खोटं न्हाई. खोटं वाटलं तर आटपाडीकडच्या मेंढरांना इचारा.

जन्मले कारखान्यात, पर जगले खरी त्या बाहत्तरच्या दुष्काळात. पार डेन्मार्कहून हेल्गाबाई आली, पगाराबिगर, गावोगाव बोअर पाडायला. ती माज्यावर बसली की रस्त्यातलं दगूड आपणहून बाजूला सरायचं.

एकदा आटपाडीकडच्या एका वाडीत बोअर पाडताना मशीनचं बिट मोडलं. बिट म्हंजी खडक फोडायचं लोखंडी टोक. नवं बिट रेल्वेनं लोणंदला आलेलं. मिस्त्री लालासाहेब म्हणाला, "बाई, दिस मावळायच्या आत आणा. न्हाईतर मशीन दुसऱ्या गावाला. वरनं हुकूम हाय."

वाडीत पाण्याचा थेंब नव्हता. आमी पळालो. बिट पाठीवर बांधून माघारी येताना म्हसवडच्या म्होरं बाभळीचा काटा घुसला. मागलं चाक बसलं. ठिगळं सकाळीच संपलेली. हेल्गाबाई धुरळ्यात बसली. "टायर मेला," म्हणाली.

तिथं शालूबाई आन तिचा म्हातारा कोंडीबा मेंढरं कातरत हुती. शालूबाईनं लोकरीचं गठुडंच उचललं.

"आगं, वर्साची लोकर हाय ती! थंडीत पांघरशील काय?" कोंडीबा वरडला.

"तुमचा राग हाय की, लय गरम असतोय! धरा टायर."

ठासून लोकर भरली. मग मी अशी सुटले, का वारा मागं धापा टाकत ऱ्हायला! पर कळपातल्या एडक्याला वाटलं, आपली लोकर चोरून चालली. त्यो माज्या मागं, त्याच्या मागं दोनशे मेंढरं, आन सगळ्यांच्या मागं काठी घिऊन कोंडीबा.

वाडीत पोचलो तर दिस बुडालेला. मशीनची लारी निघालेली. मी तिच्या म्होरं आडवी झाले, आन मेंढरांनी चारी अंगानं येढा घातला. डायवर हार्न वाजवून दमला. एक मेंढरू हलंना.

"लालासाहेब, बिट!" हेल्गाबाईनं हात वर केला.

लालासाहेबाला हसू आवरंना. "उतरवा रं मशीन! सायबापरीस मेंढरांचा हुकूम मोठा."

दुसऱ्या दिशी पाणी लागलं. इतकं उंच उडालं, का वरनं चाललेली घार भिजली आन पख वाळवत माज्या हँडलवर बसली. बेंदराला गळ्यात घुंगरमाळ घालून बैलांच्या म्होरं मला मिरवलं.

हेल्गाबाई कवाच माघारी गेली. मी आता लिंबाखाली उभी. माज्या दिव्यात चिमणीनं घरटं केलंय. मित्रांनो, कवातरी मला पुसा, चार थेंब तेल सोडा. टायर फाटलंय, ते बदला खुशाल. पर आतली लोकर टाकू नगा. शालूबाईचं घोंगडं हाय ते, आन त्याला अजून पंक्चर न्हाई!